लढाईहून परतलेला ट्रक

युद्ध संपलें म्हणजे शिपाई घरीं परततात. कोणाच्या स्वागताला दारीं तोरण लागतें, तर कोणाच्या घरीं नुसती तार येते. पण कसेंही असलें तरी माणसांचा हिशेब राष्ट्राला द्यावाच लागतो. यंत्रांचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाहीं. सन १९४५ मध्यें दुसरें महायुद्ध थांबलें, तेव्हां जगाच्या पाठीवर लक्षावधि लष्करी मोटारी जेथल्या तेथें उभ्या राहिल्या. एकट्या कॅनडानें युद्धकाळांत आठ लक्षांहून अधिक लष्करी वाहनें बांधलीं होतीं. अमेरिकेंत विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या, आणि जनरल मोटर्सच्या अडीच टनी ट्रकांची संख्या साडेपांच लक्षांच्या पुढें गेली. या प्रचंड ताफ्याचें पुढें काय झालें, आणि त्यांतला एखादा ट्रक ऐंशी वर्षांनंतर एखाद्या मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या अंगणांत कसा येऊन उभा राहतो, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

उदाहरणार्थ या अडीच टनी ट्रकाचीच गोष्ट घ्यावी. कारखान्याच्या दप्तरीं त्याचें नांव सी-सी-के-डब्ल्यू. नांव कसलें, एक सांकेतिक मंत्रच तो! पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ सालची रचना. दुसरा ‘सी’ म्हणजे इंजिनाच्या मागें बसविलेली, नेहमींच्या घाटाची चालकाची खोली. ‘के’ म्हणजे पुढच्या आंसालाही इंजिनाची शक्ति मिळते याची खूण. आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागें दोन आंस असून दोन्ही चालते आहेत याची ग्वाही. सैनिकांना असले मंत्र पाठ करण्यास सवड नव्हती. त्यांनीं त्याचें ‘जिमी’ असें सुटसुटीत बारसें केलें. पुढें दोन आणि मागें आठ असे दहा टायर, सहा सिलिंडरांचें पेट्रोलचें इंजिन, शक्ति नव्वद घोड्यांच्या किंचित् वर, आणि रिकाम्या गाडीचें वजन पांच टनांच्या आसपास. आजच्या हिशेबानें ही शक्ति एखाद्या घरगुती मोटारीएवढीच. परंतु सहाही जागचीं चाकें जमिनीला रेटा देत असल्यामुळें, जेथें रस्ता नाहीं अशा चिखलांतूनही हा ट्रक अडीच टनांचें ओझें घेऊन बाहेर पडत असे.

त्याच्या हातून केवढें काम झालें हें दोन प्रसंगांवरून ध्यानांत येईल. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्तांच्या फौजा ऑगस्टअखेर इतक्या झपाट्यानें पुढें सरकल्या कीं, त्यांच्यामागें पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पोंचेना. फ्रान्समधील रेल्वे दोस्तांच्याच बाँबवर्षावानें मोडून पडली होती. तेव्हां २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबर १९४४ पर्यंत कांहीं रस्ते फक्त लष्करी वाहतुकीसाठीं राखून त्यांवरून रात्रंदिवस ट्रकांची रांग सोडण्यांत आली. ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नांवानें ती इतिहासांत प्रसिद्ध आहे. चार लक्ष टनांहून अधिक माल तिनें वाहून नेला. या ट्रकांच्या चालकांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या सैन्याला ते जगवीत होते त्या सैन्यांत त्यांचीं पथकें वेगळीं, जेवणाच्या जागा वेगळ्या. ही पंक्तिभेदाची रीत मोडण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा हुकूम निघाला तो १९४८ च्या जुलै महिन्यांत.

दुसरा प्रसंग आपल्याच देशाच्या सीमेवरचा. आसामांतील लेडो येथून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनमधील कुन्मिंगपर्यंत सतराशे किलोमीटरांहून लांब असा मार्ग तयार झाला, आणि १२ जानेवारी १९४५ रोजीं लेडोहून निघालेला पहिला तांडा ४ फेब्रुवारीला कुन्मिंगला पोंचला. मुसळधार पाऊस, हिवताप आणि कोसळते कडे यांच्याशीं झगडत तो रस्ता बांधणाऱ्यांत अमेरिकन सैनिकांबरोबर हजारों हिंदी मजूर होते. त्या मजुरांचीं नांवें आज कोणत्याही ट्रकावर लिहिलेलीं नाहींत.

लढाई थांबली आणि हीच वाहनें सरकारांना डोईजड झालीं. तीं मायदेशीं परत नेण्याचा खर्च त्यांच्या किंमतीहून अधिक. शिवाय परत नेलीं तर देशांतल्या मोटारीच्या कारखान्यांचा धंदा बुडण्याची भीति. म्हणून जेथें होतीं तेथेंच बहुतेकांचे लिलाव झाले. आपल्याकडे ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग तेव्हांपासूनच घरोघर रुळला. युरोपांत या ट्रकांनीं शेतकऱ्यांचें धान्य वाहिलें, रानांतले ओंडके ओढले, जत्रेंतल्या पाळण्यांचें सामान गांवोगांव फिरविलें. फ्रान्सच्या सैन्यानें तर ते पुनःपुन्हां दुरुस्त करून पुढें अनेक वर्षें वापरले. फिलिपिन्समध्यें मागें राहिलेल्या जीपगाड्या लांब करून, रंगवून, त्यांची ‘जीपनी’ नांवाची प्रवासी गाडी झाली. मुंबईंत महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या आगेंमागें विलिसचा परवाना घेऊन जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि खेड्यापाड्यांच्या वाटेवर हें वाहन सर्वांच्या परिचयाचें झालें.

याच काळांत एक गंमतीदार दंतकथाही जन्मास आली. लांकडी पेटींत बंद केलेली कोरी जीप पन्नास डॉलरांना मिळते, अशी अमेरिकेंत कित्येक वर्षें समजूत होती. मासिकांतून तशा आशयाच्या जाहिरातीही झळकत. पैसे पाठविणाऱ्याच्या हातीं प्रत्यक्षांत जें पडे तें म्हणजे लष्करी माल कसा विकत घ्यावा याची माहिती देणारी एक पातळशी पुस्तिका! जीप मात्र कोणाच्याही दारीं आली नाहीं. तरीही त्या पेटीचें स्वप्न पाहणारीं मुलें मोठीं झालीं, कमावतीं झालीं, आणि त्यांपैकींच कांहींजण पुढें खरेखुरे ट्रक शोधूं लागले. सन १९७६ मध्यें अमेरिकेंत अशा हौशी लोकांची एक मोठी संस्था निघाली. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, सर्वत्र आज असे गृहस्थ आढळतात. त्यांत कोणी शाळामास्तर, कोणी सुतार, कोणी निवृत्त कारकून. सर्वांचीं घरें साधींच. फक्त मागच्या अंगणांत ताडपत्रीखालीं कांहींतरी अवाढव्य झांकलेलें असतें.

अशा घरीं ट्रक येतो तो दिवस मोठा कठीण. मालकाच्या डोळ्यांपुढें कवायतीचें मैदान तरळत असतें, आणि घरांतल्या मंडळींना दिसतें तें केवळ गंजलेलें लोखंड. गोठ्यामागें तीस-चाळीस वर्षें उभी असलेली गाडी. तिच्या हौद्यांत झाड उगवलेलें, आसनांत उंदरांनीं घरटीं केलेलीं, टाकींत पेट्रोलच्या जागीं लाखेसारखा चिकट गाळ. जाणती गृहिणी अशा वेळीं तीन प्रश्न विचारते: ठेवणार कोठें, खर्च किती, आणि पुरा केव्हां होणार? पहिल्याचें उत्तर टेपनें मोजून काढतां येतें. ट्रक लांबीला एकवीस फुटांच्या वर आहे, आणि घरच्या मोटारीची खोली सहसा तेवढी नसते. दुसऱ्याचें उत्तर प्रामाणिक माणूस आपल्या अंदाजाच्या दुप्पट सांगतो. तिसऱ्याचें उत्तर कोणीच देऊं शकत नाहीं. अर्धवट सोडलेले ट्रक जगांत पुष्कळ आहेत, आणि ते सोडले गेले ते बहुधा यंत्राच्या दोषामुळें नव्हे, तर या तीन प्रश्नांची उत्तरें आधीं शोधलीं नाहींत म्हणून.

काम हातीं घेतांना अनुभवी मनुष्य प्रथम पान्ह्याला हात लावीत नाहीं. तो वही आणि छायाचित्रयंत्र घेऊन बसतो. ट्रकाच्या खोलींत चालकासमोर धातूच्या लहान पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांवर गाडीचा क्रमांक आणि ती सैन्याच्या ताब्यांत दिल्याची तारीख कोरलेली असते. सांगाड्यावरील क्रमांकाशीं तो ताडून पाहावा लागतो, कारण ऐंशी वर्षांत एका गाडीचें इंजिन दुसरीला आणि दुसरीची खोली तिसरीला गेलेली असण्याचा संभव फार. त्याहून मोलाचा पुरावा रंगाखालीं दडलेला असतो. इंजिनावरच्या पत्र्याच्या बाजूला पाण्यांत भिजविलेला बारीक पॉलिशपेपर अगदीं हलक्या हातानें फिरविला म्हणजे एकेक थर उलगडूं लागतो: वर जत्रेवाल्याचा तांबडा, त्याखालीं लांकूडतोड्याचा हिरवा, त्याखालीं फ्रेंच सैन्याचा रंग, आणि सर्वांच्या तळाशीं मातकट हिरव्या पृष्ठभागावर फिकट अक्षरांत लिहिलेला मूळचा लष्करी क्रमांक. तो दिसला कीं हातांतलें काम थांबतें. निनांवी लोखंडाला त्या क्षणीं नांव मिळालेलें असतें. एक दाब अधिक पडला असता तर तें नांव कायमचें पुसलें गेलें असतें, हीही जाणीव त्याच क्षणीं होते.

मग इंजिनाकडे वळावयाचें. वर्षानुवर्षें उभें राहिलेलें इंजिन बहुधा जाम झालेलें असतें. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला गंजानें धरून बसतात. उतावळा मालक काय करतो? गाडी गिअरमध्यें टाकून दुसऱ्या गाडीनें ओढतो. कड्या तुटतात, दांडे वांकतात, आणि जें सुटण्यासारखें होतें तें भंगारांत जातें. शहाणा मनुष्य प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ, गंज भेदणारें तेल ओततो, आणि वाट पाहतो. एक दिवस नव्हे. आठवडा, पंधरवडा, कधीं महिनासुद्धां. रोज हँडलला हलकासा हिसका देऊन पाहावयाचें. एके सायंकाळीं तें केंसभर हलतें. तेवढें पुरे असतें. पुढें दुसऱ्या बाजूस केंसभर, मग बोटभर, आणि शेवटीं पूर्ण फेरा. दुसरें संकट थंडीचें. ज्या देशांत हिंवाळ्यांत पाणी गोठतें तेथें रेडिएटरमधलें पाणी काढण्यास कोणी विसरला असेल तर इंजिनाचें ओतीव लोखंड तडकतें, कारण पाण्याचा बर्फ होतांना त्याचा आकार सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतो. ही तड साध्या जोडकामानें धरत नाहीं. लोखंडाला धातूच्या खिळ्यांचे टांके घालणारा कसबी कारागीर त्यासाठीं शोधावा लागतो, आणि असे कारागीर दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

विजेच्या कामांत फसगत निराळ्याच प्रकारची होते. या ट्रकाची वीज सहा व्होल्टची. आजच्या मोटारींची बारा. तेवढेंच काम निम्म्या दाबानें करावयाचें तर दुप्पट प्रवाह लागतो, आणि दुप्पट प्रवाहाला जाड तार लागते. हें न जाणतां बाजारांतली आजकालची बारीक तार घातली तर इंजिन सुरू करणारी मोटर नुसतीच कण्हते. मालक बॅटरी बदलतो, मोटर बदलतो, आणि अखेरीस तार बदलतो. दुसरा प्रसंग याहून करुण. गाडी रंगवून झळझळीत झाली, सर्व कुटुंब पाहण्यास जमलें, कळ दाबली, आणि एकही दिवा लागला नाहीं! कारण असें कीं, मोटारींत विजेचा परतीचा मार्ग तारेनें नसून गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून असतो. रंग हा विजेचा शत्रू. आणि मालकानें तर मोठ्या प्रेमानें प्रत्येक जोड रंगवून काढलेला असतो. मग जेथें जेथें जोड आहे तेथें तेथें तो नवा रंग पुन्हां खरवडावा लागतो.

इथपर्यंतच्या चुकांना क्षमा आहे. ब्रेक आणि चाकें यांच्या बाबतींत ती नाहीं. या ट्रकाचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात आणि सगळ्या चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग आहे. एका नळींत एक छिद्र पडलें तर पांच टनांचें धूड उतारावर मोकळें सुटतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि त्या ओलाव्यानें चाकांतले लहान सिलिंडर आंतून गंजतात. बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. म्हणून इंजिन फिरूं लागल्याच्या आनंदांत गाडी रस्त्यावर काढावयाची नाहीं. आधीं नळ्या, रबरें व सिलिंडर नवे, मगच फाटकाबाहेर चाक, असा जुन्या जाणत्यांचा दंडक आहे.

चाकांचें प्रकरण याहून भीषण. जड ट्रकांच्या चाकाला टायर धरून ठेवण्यासाठीं बाजूला लोखंडी कडें असतें. जीप आणि डॉज यांच्या लढाऊ चाकांत तर दोन अर्ध्या भागांना बोल्टांनीं एकत्र आवळलेलें असतें. आंत हवा भरलेली असतांना तें कडें निसटलें किंवा हे बोल्ट कोणीं सैल केले, तर लोखंड तोफेच्या गोळ्यासारखें उडतें. या एका चुकीनें माणसें प्राणास मुकलीं आहेत, आणि त्यांत धंदेवाईक मिस्तरीही आहेत. यावर उपाय साधा: कोणत्याही नटाला हात लावण्यापूर्वीं व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्णपणें सोडावी, पुन्हां हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें आणि माणसानें दूर, एका बाजूस उभें राहावें, गंजलेलें कडें असेल तर लोभ न धरतां टाकून द्यावें. लढाईंत वांचलेल्या यंत्रानें घरच्या अंगणांत बळी घ्यावा, यासारखें दुर्दैव दुसरें नाहीं.

आणखी तीन शत्रू आहेत, ते मुळींच आवाज करीत नाहींत. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतें. ती धूळ हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी, नाहींतर तिचे सूक्ष्म तंतु फुप्फुसांत जाऊन अनेक वर्षांनीं रोग उत्पन्न करतात. जुन्या रंगांत शिसें असतें. तो कोरडा घासतांना नाकातोंडावर योग्य मुखवटा हवा आणि लहान मुलांना जवळ येऊं देतां कामा नये. तिसरा शत्रू दिसावयास मोठा सुंदर. अंधारांत दिसावे म्हणून त्या काळच्या कांहीं लष्करी घड्याळांच्या व मापकांच्या आंकड्यांना रेडियमचा लेप दिलेला असे. त्याची चमक आतां मावळली असली तरी किरण मावळलेले नाहींत. रेडियमचें अर्धें आयुष्य सोळाशें वर्षांचें आहे. असलें मापक घरीं उघडूं नये, त्याची कांच फोडूं नये, इतकेंच लक्षांत ठेवावें.

इतक्या अडचणींतही हें काम तडीस जातें याचें श्रेय पुष्कळ अंशीं युद्धकाळच्या कागदांना दिलें पाहिजे. अमेरिकन सैन्यानें आपल्या प्रत्येक वाहनाचें शिकवणीचें पुस्तक छापलें होतें. या ट्रकाचें पुस्तक टी-एम ९-८०१ या क्रमांकाचें. कालपर्यंत नांगर धरणारा किंवा दुकानांत बसणारा तरुण लवकर मिस्तरी व्हावा या हेतूनें तें लिहिलेलें असल्यामुळें त्यांत एकही पायरी गाळलेली नाहीं. रोज गाडी काढण्यापूर्वीं काय पाहावें, वाटेंत थांबल्यावर कोठें हात लावून उष्णता अजमावावी, परतल्यावर काय टिपून ठेवावें, हें सर्व त्यांत सांगितलेलें आहे. सुट्या भागांची नामावळीही तितकीच काटेकोर. जी-५०८ हा या ट्रकाच्या भागांचा वर्ग. म्हणूनच आज एखाद्या जुन्या कोठारांत मेणकागदांत गुंडाळलेलें, दाट ग्रीससारख्या लेपांत बुडविलेलें पुडकें सांपडतें, त्यावरचा क्रमांक जुळतो, आणि लेप पुसतांच आंतून १९४४ सालचें कोरें बेअरिंग, काल कारखान्यांतून निघाल्यासारखें, हातावर येतें.

एवढें झाल्यावर रंगाचा प्रश्न निघतो, आणि येथें हौशी मंडळींत खरोखरीचे तंटे होतात. एक पक्ष म्हणतो, गाडी अशी करावी कीं आरशांत पाहावें. दुसरा म्हणतो, ज्या ट्रकाला मूळचा रंगच मुद्दाम निस्तेज दिला होता, कारण चकाकी म्हणजे शत्रूच्या विमानाला आमंत्रण, त्याला झळाळी देणें ही इतिहासाची थट्टा आहे. हौद्याची गोष्टही तशीच. लढाईच्या मध्यास पोलादाची टंचाई पडली तेव्हां या ट्रकांचे हौदे लांकडाचे झाले, आणि चालकाच्या खोलीला पत्र्याऐवजीं कापडाचें छत आलें. आज पोलाद वाटेल तितकें मिळतें. पण ज्या गाडीला लांकडी हौदा होता तिला लोखंडी बसविला तर ती टंचाई, ती ओढाताण, ती निकड पुसली जाते. खिळ्याची खोंच, गोळीचें बुजविलेलें भोंक, पत्र्यावर कोणीं कोरलेलें आपल्या गांवाचें नांव, हीं राखावीं कीं भरून काढावींत? विचारी मालक तीं राखतो. शोभेसाठीं एखाद्या प्रख्यात पथकाची खूण रंगवून घेण्याचा मोहही तो आवरतो. ज्या पथकानें ही गाडी कधीं पाहिलीही नाहीं त्याची खूण तिच्यावर काढली, तर ज्यांनीं ती खरोखर चालविली त्या अनाम माणसांचा दुसऱ्यांदा विसर पाडल्यासारखें होईल.

आपल्या देशांतही या छंदाचीं बीजें आहेत. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत १९५९ पासून जर्मन कंपनीच्या परवान्यानें ‘शक्तिमान’ ट्रक बनूं लागले, आणि तेथेंच जपानी निसानच्या धर्तीवर ‘जोंगा’ ही दणकट गाडी तयार झाली. सैन्यांतून निवृत्त झालेल्या या गाड्या लिलावांत विकल्या गेल्या. कांहीं डोंगराळ भागांत मालवाहतुकीस लागल्या, कांहीं भंगारांत गेल्या, आणि थोड्या हौशी लोकांनीं पुन्हां उभ्या केल्या. अडचण एवढीच कीं, आपल्याकडे जुनें वाहन म्हटलें कीं राजेरजवाड्यांची आलिशान मोटारच डोळ्यांसमोर येते. ज्या गाडीनें हिमालयाच्या चौक्यांना पीठ आणि रॉकेल पोंचविलें तिलाही जतन करण्याइतकी योग्यता आहे, हें अजून अनेकांच्या ध्यानीं आलेलें नाहीं.

शेवटीं तो दिवस उगवतो. ताडपत्री निघते, घरांतली मुलें लांकडी बाकांवर चढून बसतात, ज्या गृहिणीनें तीन प्रश्न विचारले होते तीच कापडी छताची शेवटची शिवण आपल्या हातानें पुरी करून बाजूस उभी असते. इंजिन दोनदां खोकतें आणि मग संथ लयींत बोलूं लागतें. ट्रक फाटकाबाहेर पडतो. त्याचा वेग बेताचा. लिटरभर पेट्रोलांत तो तीनएक किलोमीटरच जातो. सुकाणू वळवितांना खांदे भरून येतात. आणि गिअर बदलण्यासाठीं क्लच दोनदां दाबण्याची जुनी विद्या नव्यानें शिकावी लागते. ही विद्या पुस्तकांत वाचून येत नाहीं. ती येणाऱ्याच्या शेजारीं बसून, कान आणि तळपाय यांनीं शिकावयाची असते. पूर्वीं अशा मेळाव्यांतून लढाईंतले वृद्ध चालक येत. त्यांना हात देऊन वर चढविलें कीं ते कांहीं वेळ मुकाट बसत, आणि मग नकळत त्यांचा पाय बरोबर त्या जागीं, बरोबर त्या ठेक्यांत पडे. आतां ते चालक जवळजवळ सर्व काळाच्या पडद्याआड गेले आहेत. ज्यांनीं त्यांच्यापासून शिकून घेतलें तेही आतां पिकल्या केंसांचे झाले आहेत. आणि मालक वारला कीं मुलें ट्रकाचे भाग सुटे करून विकतात, असेंही अनेक ठिकाणीं घडतें.

म्हणून दूरदर्शी मालक एक वही ठेवतो. कोणता भाग मूळचा, कोणता नवा. रंगाखालीं सांपडलेला क्रमांक कोणता, आणि तो नेमका कोठें होता. कोणत्या चाकाचें कडें बदललें आणि कोणत्या तारखेला. थंडींत पाणी कोठून काढावयाचें. हें सारें तो सरळ, स्वच्छ अक्षरांत लिहितो. वहीच्या पहिल्या पानावर चाकांविषयींचा इशारा तांबड्या शाईनें दिलेला असतो. आसनाखालच्या डब्यांत, जेथें एके काळीं टी-एम ९-८०१ ठेवीत असत, तेथें ती वही ठेवून तो डबा बंद करतो. मग रविवारीं सकाळीं गाडी काढतांना सुकाणूसमोर मुलाला किंवा मुलीला बसवितो, आपण शेजारच्या आसनावर बसतो, आणि म्हणतो, ‘दाब क्लच. सोड. आतां पुन्हां दाब.’